आत्याच्या टोल्यावर सोलर बसवायचंय, किती वॅटचं घेऊ?

प्रश्न : मी नागपुरात मानेवाड्याला राहते, नर्सिंग करते. आम्ही माडिया आदिवासी. माझी आत्या भामरागड तालुक्यात एका टोल्यावर, म्हणजे छोट्या पाड्यावर राहते, तिथे लाइट अजून पोचलीच नाही. तिच्या घरी सोलर बसवून द्यायचं खूप मनात आहे, पण आधी बसलेला एक संच दोनेक वर्षांतच बंद पडला म्हणून ती नकोच म्हणते. सीताबर्डीतला एक दुकानदार म्हणतो एक किलोवॅटचं घ्या, सूर्यघरची सबसिडी मिळेल. खरंच मिळते का?

उत्तर : नाही मिळत, ताई. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर ही ज्यांच्याकडे वीज कनेक्शन आहे त्यांच्यासाठी, ते ७८ हजारांपर्यंतचे पैसे ग्रिडला जोडलेल्या छतावरच्या सोलरचे. आत्याकडे मीटरच नाही. पण तुम्ही माडिया आहात म्हणून दुसरी वाट आहे, स्वतःचा पैसा घालायच्या आधी ती बघा. नोव्हेंबर २०२३ ला आलेल्या पीएम जनमन या अतिमागास आदिवासी जमातींसाठीच्या केंद्राच्या योजनेत माडिया, कोलाम, कातकरी कुटुंबांना, जिथे तारा नेणं परवडत नाही तिथे, घरोघरी सोलर द्यायची सोय आहे, घरामागे ५० हजारांपर्यंत. ग्रामपंचायतीत यादीत नाव आहे का विचारा, नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घ्याच.

आता किती वॅट. ७ वॅटचे पाच बल्ब पाच तास, २५ वॅटचा डीसी पंखा रात्रभर आठ तास, दोन मोबाइल, सगळं मिळून दिवसाला ४०० वॅट-तासांच्या आसपास जातं, तेवढ्याला २०० वॅटचं पॅनल पुरतं, एक किलोवॅट कशाला पाहिजे? पावसाळ्यात मात्र ढगांमुळे अर्धीच वीज मिळेल, तेव्हा पंखा कमी चालवायचा.

पण खरं सांगू का, मला वॅटपेक्षा बॅटरीची काळजी जास्त वाटते. पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतं, मरते ती बॅटरी, आणि पुष्कळदा अशी मरते : कंट्रोलरने, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या डब्याने, बॅटरी उतरल्यावर पंखा-बल्बची वीज तोडली की कोणीतरी पंख्याची वायर सरळ बॅटरीच्या टर्मिनलला जोडतं. उकाड्यात लेकरू रडत असेल तर कोणीही जोडेल, त्यात आत्याची चूक नाही, पण तो कट बॅटरी वाचवायलाच असतो हे बसवणाऱ्याने समोर बसून सांगायला हवं होतं. रोज पार तळापर्यंत उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी फार टिकत नाही, ती अर्ध्यापर्यंतच वापरायची आणि डिस्टिल्ड वॉटर बघत राहायचं. जमत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, १२.८ व्होल्ट ५० अ‍ॅम्पिअर-तासाची चालेल, महाग पडते पण पाणी घालायची कटकट नाही.

म्हणून जुनं पॅनल अजिबात भंगारात देऊ नका! भर उन्हात वायर सोडवून व्होल्ट मोजायचं मल्टिमीटर लावा, १२ व्होल्टचं पॅनल १८ ते २२ व्होल्ट दाखवत असेल तर ते बहुतेक चांगलं आहे, मागच्या स्टिकरवर वॅट बघा, पुरेसे असतील तर खर्च फक्त बॅटरी आणि कंट्रोलरचा. वायरिंगही तपासा. १२ व्होल्टवर १०० वॅट म्हणजे आठ अ‍ॅम्पिअरच्या वर करंट, १ चौरस मिमीच्या बारीक तारेतून दहा मीटर नेला तर तीनेक व्होल्ट वाटेतच जातात, मग बल्ब मिणमिणतो आणि लोक म्हणतात सोलरच खराब. पॅनलपासून बॅटरीपर्यंत ४ चौरस मिमीची तार घ्या, बॅटरी घरात सावलीत.

आणि पैशाचं. कर्नाटकात हरीश हांडेंच्या सेल्कोने १९९५ पासून गरीब घरांत सोलर पोचवलं, २०११ ला हांडेंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यांनी दोन गोष्टी धरून ठेवल्या, घरपोच दुरुस्ती आणि कमाईच्या हंगामाप्रमाणे हप्ता. तुमच्याकडे तेंदूपत्त्याचे पैसे येतात तेव्हाच पुढच्या बॅटरीसाठी थोडे बचत गटात टाकायला सांगा, महिन्याला मागितले तर कुठून देणार ती? पर्लकोटा नदीला पूर आला की मेकॅनिक काही टोल्यावर पोचत नाही, त्यामुळे जूनच्या आधी चार फ्यूज घरात ठेवा आणि ते बदलायला आत्यालाच शिकवा, तिच्या हाताने दोनदा करून घ्या.