पगार ३४ हजार आणि एमएससीचा हप्ता ६२ हजार?

प्रश्न: वय ३१, बीएस्सी नर्सिंग. सोलापुरात खासगी हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात आहे, पगार ३४ हजार. मिस्टरांचा टॉवेलचा छोटा कारखाना, उत्पन्न कमी-जास्त. मुलगा चार वर्षांचा. एफडी ४.२ लाख. आरोग्यसेवांची सुधारणा आणि मूल्यमापन या विषयाच्या एमएससीला ब्रिटनमध्ये प्रवेश मिळतोय. एक वर्ष, फी २२ हजार पौंड. सासरे जुळे सोलापूरचा प्लॉट तारण द्यायला तयार आहेत. दुसरा पर्याय इथलाच दूरस्थ पदव्युत्तर डिप्लोमा: दोन वर्षं, दीड लाख. काय करू?

उत्तर: ताई, प्लॉट तारण ठेवू नका. विषय चांगला आहे, पण या पैशात नाही.

हिशेबापुरता पौंड ११५ रुपये धरू. फी २५.३ लाख. लंडनबाहेर राहायचा खर्च महिना साधारण १,१७१ पौंड, म्हणजे वर्षाचे १६ लाख. व्हिसा, तिथला आरोग्य अधिभार, तिकीट मिळून अडीच लाख. एकूण ४४ लाख. शिवाय बुडालेला पगार चार लाख, तो कुणी मोजतच नाही.

परदेशी शिक्षणाच्या कर्जासाठी बँका सहसा १५ टक्के मार्जिन, म्हणजे खर्चातला आपल्या खिशातून भरायचा वाटा, मागतात. ते झाले ६.६ लाख, तुमची एफडी ४.२ लाखांची. उरलेल्यासाठी लोक सोनं नाहीतर पतसंस्था गाठतात आणि गाडी तिथेच रुतते. कर्ज ३७.४ लाख, व्याज ११ टक्के धरा. अभ्यासक्रमाचं वर्ष आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. हप्ता सुरू होईपर्यंत रक्कम ४५ लाखांच्या आसपास जाते. दहा वर्षांचा हप्ता ६२ हजार. त्यातून कारखान्याच्या ऑर्डरी ढिल्या पडल्या, तर भरणार कोण?

‘व्याजावर कर वाचतो’ असं एजंट सांगेल. ३४ हजारांच्या पगारावर तुम्हाला कर लागतच नाही. वाचवायचं काय?

तिथेच नोकरी करून फेडू म्हणाल, तर ही पदवी म्हणजे तिथली नर्स-नोंदणी नव्हे. ती वेगळीच प्रक्रिया आहे. शिक्षणानंतर राहायची मुभाही १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच. आणि जानेवारी २०२४ पासून अशा एमएससीच्या विद्यार्थ्यांना नवरा-मुलाला डिपेंडंट म्हणून सोबत नेता येत नाही.

म्हणून डिप्लोमा. मात्र फी भरण्याआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या (डीईबी) यादीत संस्था, अभ्यासक्रम आणि चालू सत्र, तिन्ही तपासा. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून न्यूट्रिशन, सायकॉलॉजीसारखे आरोग्याशी निगडित काही विषय दूरस्थ पद्धतीने बंद झालेत, त्यामुळे जुनं माहितीपत्रक चालणार नाही. प्रवेशाला या ब्युरोचा डीईबी आयडी लागतो, त्यासाठी आधी एबीसी आयडी (शैक्षणिक श्रेयांकांच्या बँकेतलं खातं) काढा. दीड लाखाला चोवीस महिने भागलं की महिना ६,२५० येतात, पगारातून निघतील. आधी व्यवस्थापनाला लेखी विचारा: निम्मी फी द्या, दोन वर्षं थांबते. थांबण्याचा हा करार, म्हणजे बॉण्ड, मध्येच सोडल्यास किती रक्कम परत करायची ते आकड्यात लिहून घ्या. ‘नियमानुसार’ या शब्दावर सही नको.

या क्षेत्रात प्रमाणपत्रापेक्षा केलेलं काम विकलं जातं. उदाहरण म्हणून रुग्णाला घरी सोडायला लागणारा वेळ हा विषय घ्या. कॅशलेसमध्ये डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा विमा नियामकाचा २०२४चा नियम आहे. पण बिल, औषधांची परती आणि डिस्चार्ज समरी आपल्याच वॉर्डात अडकते. बारा आठवडे नोंदी घ्या, मध्यक (चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला) काढा, एकच बदल करा आणि दर आठवड्याचा आकडा आलेखावर टाकत जा. सलग सहा बिंदू मध्यकाच्या एकाच बाजूला आले, तरच बदल खरा धरा. एखाद-दुसरा चांगला आठवडा दाखवून सादरीकरण करणारे बरेच असतात. मुलाखतीत जाणकार तिथेच पकडतो. असे दोन प्रकल्प हाती असले, की पुण्या-हैदराबादच्या मोठ्या हॉस्पिटलांत पगाराचं बोलणं करता येईल.

एफडीतले अडीच लाख घरखर्चाची राखीव म्हणून तसेच ठेवा. कारखान्याला खेळतं भांडवल कमी पडलं तरी त्याला हात नको, हे मिस्टरांनाही आत्ताच सांगून ठेवा.

ब्रिटनचं दार अगदीच बंद करू नका. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारखी पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जा. चेव्हनिंगला कामाचा २,८०० तासांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे असेल, आणि नंतर दोन वर्षांसाठी भारतात परतावं लागतं. अर्धी शिष्यवृत्ती मिळाली, तर उरलेल्या रकमेचा हप्ता आधी काढा. तो आजच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे साधारण ११ हजारांवर जात असेल, तर नको.