जिओकॅशिंगसाठी वेगळे जीपीएस यंत्र घ्यावे का?

प्रश्न : अक्षांश-रेखांशांवरून लपवलेली डबी शोधण्याचा जिओकॅशिंग हा खेळ मुलांसह सुरू करायचा आहे. मोबाईल असताना वेगळे जीपीएस यंत्र घ्यावे का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : शहरात मोबाईल पुरतो, मात्र अंजनेरी किंवा रामशेज किल्ल्यावर दिवसभर फिरायचे असेल, तर पाण्याने न बिघडणारे, उन्हातही पडदा स्पष्ट दिसणारे आणि पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र अवश्य घ्यावे, कारण सेल संपले तरी खिशातली दुसरी जोडी घालून पुढे जाता येते. ते जीपीएसखेरीज रशियाच्या ग्लोनास किंवा युरोपच्या गॅलिलिओ या दिशादर्शन प्रणालींचे उपग्रहही पकडते का, हे दुकानात आवर्जून विचारावे. कड्याच्या पायथ्याशी आकाश थोडेच दिसते आणि तिथे हा फरक जाणवतो. कॅमेऱ्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वापरताना डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार, ‘डब्ल्यूजीएस ८४’ आणि अक्षांश-रेखांशांची मांडणी ‘अंश व दशांश मिनिटे’ अशी ठेवावी. अक्षांशातील मिनिटांच्या तिसऱ्या दशांश स्थळी एकाचा फरक झाला तर जागा सुमारे १.८५ मीटर सरकते. पहिल्या स्थळी झाला तर १८५ मीटर. मोकळ्या माळावरही ३ ते ५ मीटरची तफावत गृहीत धरावी. म्हणून शेवटच्या टप्प्यात पडद्यावरची नजर काढून दगडांच्या फटी न्याहाळाव्यात आणि हात घालण्याआधी काठीने चाचपून पाहावे.