वाचक विचारतात: ब्लेडच्या होलचं तोंड पसरट कशाला?

प्रश्न: मी परळीला थर्मलमध्ये कंत्राटी फिटर आहे. आमच्या टर्बाइनच्या ब्लेडला एकबी होल नसतं. परवा मोबाईलवर गॅस टर्बाइनच्या ब्लेडचा फोटो बघितला तर नुसती चाळणच, त्यात काही होलं गोल अन् काहींचं तोंड पंख्यासारखं पसरलेलं. गार हवाच सोडायचीय तर आकाराचं एवढं कौतुक कशाला, जास्त हवा सोडली की झालं ना? मला तर कळंना झालंय.
— एक वाचक, परळी वैजनाथ

उत्तर: दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो, कारण खरी गोम तिथंच आहे. गोल होलमधून एका हद्दीपर्यंतच हवा वाढवायची, त्याच्या पुढं जेवढी वाढवाल तेवढं कूलिंग बिघडत जातं.

आधी होलं का लागतात ते बघू. तुमच्याकडं वाफ येते साधारण 540 अंशांची, ती स्टील निवांत सहन करतं. मोठ्या गॅस टर्बाइनमध्ये पहिल्या ब्लेडांवर 1500-1600 अंशांचा गॅस आदळतो आणि ब्लेडचा निकेलचा मिश्रधातू 1300-1400 च्या आसपासच वितळतो. म्हणून ब्लेड आतून पोकळ ठेवतात, कंप्रेसरची हवा त्यातून फिरवतात आणि बारीक होलांमधून बाहेर काढतात. ही "गार" हवासुद्धा दाबल्यामुळं 400-500 अंशांची असते बरं का, आपल्या मे महिन्यातल्या कूलरशी तिचा काही संबंध नाही! तर ही हवा ब्लेडच्या पाठीवर पातळ चादरीसारखी पसरून गॅस आणि धातूच्या मधे राहिली पाहिजे, यालाच फिल्म कूलिंग म्हणतात.

गोल होल पृष्ठभागाला साधारण 30-35 अंशांनी तिरपं पाडलेलं असतं, पण हवा जोरात आली की चिकटून न राहता उसळते आणि गरम गॅस तिच्या खाली घुसतो. वरून त्या झोताच्या दोन्ही अंगांना उलटसुलट फिरणारे दोन भोवरे तयार होतात, ते बाजूचा गरम गॅस ओढून झोताच्या पोटाखाली आणतात आणि झोताला आणखी वर ढकलतात. मोटारीच्या पाइपातून पाणी थेट वाफ्यात सोडलं की माती उकरली जाते आणि बाजूचं रोप कोरडंच राहतं, म्हणून आपण पाइपाच्या तोंडाशी पोतं टाकतो, पाणी तेवढंच पण जोर मोडतो आणि ते पसरून जातं. पसरट तोंड तेच काम करतं.

आतला गळा गोलच ठेवतात, किती हवा जाणार हे तो गळा ठरवतो. बाहेर येता येता होल रुंद होत जातं, तोंडाचं क्षेत्रफळ गळ्याच्या अडीच पट झालं तर वेग त्याच प्रमाणात पडतो, झोत आडवा पसरतो आणि ते दोन भोवरे लांब जाऊन मवाळ होतात. याचं मोजमाप ब्लोइंग रेशोनं करतात, म्हणजे होलमधल्या हवेची घनता गुणिले वेग, भागिले बाहेरच्या गॅसचं तेच गणित. गोल होल साधारण 0.5-0.6 पर्यंत नीट चालतं, नंतर घसरतं, पण पसरट होल 1 च्या वर गेलं तरी दम धरतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या गोल्डस्टीन, एकर्ट आणि बर्गग्राफ यांनी 1974 साली हे प्रयोगातून दाखवलं. 2014 मध्ये पेन स्टेट विद्यापीठातून 7-7-7 नावाचं होल सगळ्यांना तुलनेसाठी खुलं केलं गेलं: दोन्ही बाजूंना 7-7 अंश आणि पुढच्या अंगाला 7 अंश उतार.

मग 25 अंश पसरवा की, असं म्हणाल. तसं केलं तर हवा भिंत सोडते आणि गरम गॅस सरळ होलच्या तोंडात शिरतो. होलांऐवजी सलग फट ठेवली तर चादर सगळ्यात भारी पडंल, पण तेवढ्या वेगानं फिरणारं ब्लेड फटीपाशीच तुटंल.

फोटोतली गोल होलं बहुतेक पुढच्या कडेची असतील. तिथं गॅस समोरूनच आदळतो, ओळी दाटीवाटीनं असतात, पसरायला जागाच नसते.

आणि हवा काही फुकट नाही. कूलिंगला गेलेल्या हवेवर कंप्रेसरनं आधीच मेहनत घातलेली असते आणि ती ज्वलनाला मिळत नाही. नव्या मशीनमध्ये कूलिंग आणि सीलिंगला (फटींतून गरम गॅस आत शिरू न द्यायला) मिळून कंप्रेसरची 20 टक्क्यांच्या आसपास हवा जाते. तोंडाच्या आकारावर डोकं लावायलेत ते यासाठीच.

प्रश्न: वाळूजला ईडीएमवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणारं मशीन) काम करतो. असलं होल ड्रिलनं का नाही मारत?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: अर्ध्या-एक मिलिमीटरचं ड्रिल 30 अंशांत त्या कडक मालावर टेकवून बघा, आधी घसरंल मग मोडंल. म्हणून तुमचंच मशीन लागतं, नाहीतर लेसर. पसरट तोंडासाठी तांब्याचे कंगव्यासारखे इलेक्ट्रोड वापरतात, प्रत्येक दात आधीच त्या आकाराचा, म्हणजे एका फटक्यात आख्खी ओळ. घोळ कोटिंगचा आहे. ब्लेडवर उष्णता अडवायला दिलेला झिर्कोनियाचा सिरॅमिक थर वीज वाहून नेत नाही, त्यामुळं कोटिंगनंतर स्पार्क चालतच नाही; एक तर आधी होल पाडून मग कोटिंग करा, नाहीतर लेसरनं वरूनच मारा. आधी होल पाडलं तर फवारलेलं कोटिंग तोंडात जमतं आणि तेवढ्या मेहनतीनं काढलेला पसरट आकार बुजायला लागतो.

प्रश्न: धुळीनं होलं बुजत नाहीत का?
— एक वाचक, जालना

उत्तर: बुजतात. वाळवंटात उडणाऱ्या विमानांच्या इंजिनांना हा त्रास जास्त. बारीक धूळ आतल्या रस्त्यात अडकते ते वेगळंच, पण साधारण 1200 अंशांच्या वर ती वितळून काचेसारखी ब्लेडवर चिकटते, कोटिंगमध्ये झिरपते आणि गार झाल्यावर कोटिंगचे पोपडे निघतात. म्हणून हवा आत घेतानाच फिल्टर लागतो. जमिनीवरच्या मशीनला तो बसवता येतो, विमानाला तशी सोय नाही.