ज्यू लोकांत तोराच्या (त्यांच्या पवित्र ग्रंथाच्या) अर्थावरून सतत वाद होतात, मग बरोबर कोण हे कसं ठरतं?

वाद होणं तिथे वाईट मानतच नाहीत, कशासाठी भांडताय ते बघतात. तालमुदात (ज्यू धर्मगुरूंच्या जुन्या चर्चांच्या संग्रहात) मस्त किस्सा आहे, लग्नात नवरीचं कौतुक काय म्हणून करायचं? शम्माई आणि हिल्लेल हे दोन जुने ज्यू गुरू. शम्माईचे शिष्य म्हणाले जशी आहे तशी सांगा, तोरात खोट्यापासून लांब राहा असं लिहिलंय ना, तर हिल्लेलचे म्हणाले प्रत्येक नवरीला सुंदरच म्हणायचं, कोणी बाजारातून काही घेऊन आलं तर त्याच्या तोंडावर नावं ठेवता का? (मी हिल्लेल पार्टी.)

या दोन गटांचं नियम कोणाचा चालणार यावर 3 वर्षं वाजलं, शेवटी आकाशवाणी झाली की दोन्ही देवाचेच शब्द, पण वागायचं हिल्लेलवाल्यांप्रमाणे. डोक्याने तल्लख खरं तर शम्माईवाले मानले जायचे, पण हिल्लेलवाले नम्र होते आणि शिकवताना आधी समोरच्यांचं मत सांगायचे, मग स्वतःचं. याउलट तोरातला कोरह नावाचा माणूस मोशेशी, म्हणजे ज्यूंच्या नेत्याशी भांडला, ते वाईट हेतूच्या भांडणाचं ठरलेलं उदाहरण.

आणि हेतू पूर्ण शुद्ध नसला तरी तोराचा अभ्यास सोडू नका, करता करता हेतू शुद्ध होतो, हेही तालमुदातच आहे, जे मला भारी प्रॅक्टिकल वाटतं.