टॅग रग्बी शिकवताय? आधी पट्टा, चेंडू नंतर

टॅग रग्बी म्हणजे अंगाला न धरता खेळायचं रग्बी: चेंडूवाल्याला पाडायचं नाही, त्याच्या कमरेच्या पट्ट्याला वेल्क्रोने चिकटवलेली पट्टी, म्हणजे टॅग, ओढायची. गुहागरसारख्या लांब किनाऱ्यावर ओहोटीनंतरची घट्ट, ओली वाळू निवडा. कोरड्या पुळणीत पाय रुततो, वळता येत नाही. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणून ‘रोज पाचला’ असं ठरवू नका.

प्रत्येकाच्या पट्ट्याला दोन टॅग, कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक. शर्ट आत खोचलेलाच हवा. वेल्क्रोत वाळू अडकली की टॅग धावतानाच गळतो. खेळून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा, जुन्या टूथब्रशने घासा.

खरी अडचण कबड्डीच्या सवयीची. आपल्या पोरांचे हात आपसूक कमरेला, घोट्याला जातात. इथे टॅगशिवाय काहीच धरायचं नाही. चेंडूवाल्यानेही हाताने टॅग झाकायचा नाही, समोरच्याला ढकलायचं नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस चेंडू बाजूलाच ठेवा आणि नुसती टॅग ओढायची पकडापकडी खेळवा. टॅग ओढला की उंच धरून ‘टॅग!’ असं ओरडायचं, मग तो हातात परत द्यायचा. वाळूत फेकला की भांडण ठरलेलं.

पास पुढे कधीच नाही. मुलींना पहिल्याच दिवसापासून संघात घ्या. इथे वजनापेक्षा चपळाई चालते.