खोल समुद्रातले जीवाणू खातात कसे?

प्रश्न : वर्सोव्याहून आणलेल्या समुद्राच्या पाण्यात ग्लुकोज घातलं. २८ अंशांवर जीवाणूंनी ते पटकन संपवलं, ४ अंशांवर जेमतेम. खोल समुद्रात तर थंडीसोबत दाबही असतो. दोन्हींचा परिणाम कॉलेजात वेगवेगळा पाहता येईल का?
– सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, अंधेरी

उत्तर : येईल, आणि वेगळा पाहणं फार गरजेचं आहे, कारण दोघांचा मारा एकाच जागी, पेशीपटलावर, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणावर होतो. थंडीत खोबरेल थिजतं, करडईचं तेल पातळच राहतं. त्यात असंपृक्त मेदाम्लं जास्त. पटलही मेदाचंच. ते घट्टावलं की त्यात रुतलेली, अन्न आत ओढणारी प्रथिनं अडखळतात. १००० बार दाबाने (१ बार म्हणजे साधारण हवेचा दाब) पटल १३ ते २१ अंशांनी गार केल्याइतकं घट्टावतं. खोल पाण्यातले जीवाणू म्हणूनच पटलात असंपृक्त मेदाम्लं वाढवतात.

नुसत्या थंडीने मात्र सगळा उलगडा होत नाही. १९६८ मध्ये 'अल्विन' पाणबुडी अटलांटिकमध्ये सुमारे १५०० मीटरवर बुडाली. दहा-अकरा महिन्यांनी वर काढली तेव्हा आतली सँडविचेस खाण्याजोगी होती. तीच फ्रिजमध्ये, जवळपास तेवढ्याच थंडीत, काही आठवड्यांत नासली.

मुंबईसमोरचा समुद्र उथळ. दर १० मीटरला १ बार, म्हणजे ५० मीटरवर, वरच्या हवेचा १ बार धरून, एकूण ६ बार. तेवढ्याने जीवाणूंचं काही बिघडत नाही. तुमच्या प्रयोगातला फरक निव्वळ तापमानाचा.

दाबासाठी १० मिलिलिटरच्या प्लास्टिक सिरिंजा पाण्याने भरा, तोंड रबरी बुचाने बंद करा आणि हातपंप जोडलेल्या, पाण्याने भरलेल्या स्टीलच्या दाबपात्रात ठेवा. चार संच लागतील : २८ आणि ४ अंश, प्रत्येकी १ आणि ४०० बार. १ बारचे संचही सिरिंजमध्येच हवेत. जोडीला, जीवाणू गाळून काढलेल्या पाण्याचा एकेक संच.

ग्लुकोज लिटरला ५ मिलिग्रॅमच घाला. ५० घातलंत तर बंद सिरिंजमधला प्राणवायू आधी संपेल आणि दोष दाबाच्या माथी जाईल. बुडबुडा राहिला तर दाबाखाली त्यातला प्राणवायू पाण्यात विरघळून तुलना बिघडते. दाबपात्रात हवा उरणं तर धोक्याचंच. दाब हळूहळू चढवा, कारण दाबताना पाणी किंचित तापतं. १२ तासांनी दाब उतरवताच ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून नमुना गाळा आणि उरलेलं ग्लुकोज मोजा. उशीर झाला तर जीवाणू पुन्हा खायला लागतात.