२,२५,००० च्या व्हाउचरवर सही करण्याआधी

सांगलीचे एक वाचक विचारतात: वडिलांची बायपास झाली, बिल ६,४०,००० रुपये. पॉलिसी २०१६ पासून विनाखंड. कव्हर आधी ३ लाख होतं, ऑगस्ट २०२२ मध्ये ७ लाख केलं. ‘बीपी लपवलं’ म्हणून क्लेम नाकारला. तक्रार केल्यावर कंपनी २,२५,००० द्यायला तयार झाली, पण ‘पूर्ण व अंतिम’ व्हाउचरवर सही हवी. एक क्लेम कन्सल्टंट १०,००० आगाऊ आणि मिळेल त्यातले १५ टक्के मागतोय. बिलासाठी आईचं सोनं ठेवून ४ लाख उचललेत, महिना १ टक्का व्याज. ५ लाखांची एफडी आहे, ७ टक्क्यांची. सही करू की भांडू?

सही करू नका. आरोग्य विम्याला सलग ६० महिने झाले की माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच. २०२४ पर्यंत ही मुदत ८ वर्षं होती, तुमची तीही उलटली. मात्र कव्हर वाढवलं की वाढीव रकमेचे ६० महिने त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे ३ लाख पक्के, त्यावरचे ३,४०,००० वादातले. आणि कंपनी देतेय २,२५,०००! पक्क्या रकमेतलेच ७५,००० कापून वर उपकार.

वादातल्या रकमेचं मात्र खात्रीने सांगत नाही. केस पेपरवर ‘बीपी १० वर्षांपासून’ लिहिलंय, त्यावर कंपनीची सगळी भिस्त. अशी ओळ बऱ्याचदा ॲडमिशनच्या गडबडीत कुणा नातेवाइकाला विचारून खरडलेली असते. २०२२ पूर्वीचं एखादं प्रिस्क्रिप्शन त्यांच्याकडे आहे का, लेखी विचारा. सिद्ध त्यांनी करायचंय. पण आधी वडिलांना निवांत विचारा. गोळ्या तेव्हाच चालू होत्या आणि कव्हर वाढवताना फॉर्मवर ‘नाही’ असेल, तर ही रक्कम मी हिशेबात धरणार नाही. (फॉर्म एजंट भरतो, सही आपली असते.) २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाठीचं दुखणं न सांगितलेल्या, पण हृदयविकाराने गेलेल्या विमाधारकाच्या वारसाला एलआयसीकडून पैसे देवविले होते. तो दाखला इथे चालणार नाही, बीपीचा बायपासशी संबंध आहेच.

भांडायला खर्च फारसा नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा: २,२५,००० हक्क राखून, अंशतः म्हणून घेतो. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात. नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. नाही पटला तर ग्राहक आयोग, तिथे मुदत दोन वर्षांची. उलट क्रमाने जाऊ नका. आयोगात प्रकरण असलं की लोकपाल हात लावत नाहीत. कन्सल्टंटला आत्ताच नमस्कार करा. पक्क्या ३ लाखांवरच त्याचे ४५,००० होतात.

सोन्याचे महिना ४,००० जातायत, म्हणून तुम्हाला सहीची घाई झालीय. एफडी मोडा, सोनं सोडवून आणा. मुदतीआधी मोडल्याचा भुर्दंड धरूनही फायद्यात राहाल. मग सहा-आठ महिने थांबायला जड जाणार नाही.

आणि रागाच्या भरात नूतनीकरण चुकवू नका. खंड पडला तर नऊ वर्षांची सलगता गेली, आणि बायपास झालेल्या माणसाला नवी पॉलिसी सहजी कोणी देत नाही.